काम तेवढेच, भार कोणाचा?

लेखांक ६

मागच्या लेखांकात डोंगरावरील प्रवचनातला ‘आकाशातील पाखरांकडे पाहा’ हा चिंतेविषयीचा उपदेश पाहिला. तो वाचताना मनात येणारी शंका अगदी रास्त आहे: पाखरांना ना घराचे हप्ते, ना मुलांचे शाळाप्रवेश, त्यांचा दाखला आमच्या काय कामाचा? ख्रिस्ती शांती म्हणजे कामाचा पसारा आवरल्यावर लाभणारी निवांतता असेल, तर ती रिकाम्या माणसांपुरतीच उरते. माझे म्हणणे वेगळे आहे. ही शांती कामे कमी करत नाही. कामाच्या परिणामाचा भार कोणी वाहायचा, एवढेच ती ठरवून देते. त्याचा भक्कम पुरावा पुणे जिल्ह्यातल्या केडगावात आहे.

पंडिता रमाबाईंना चिंतेची कारणे कमी नव्हती. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हाच मन शांत झाले, असे मात्र त्या म्हणत नाहीत. 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगितले आहे की, धर्म स्वीकारला तरी ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. हा क्रम फार महत्त्वाचा आहे, कारण बाहेरची वादळे त्यानंतरही थांबली नाहीत. 1893 मध्ये विधवांसाठीच्या त्यांच्या शारदा सदन या शाळेवर धर्मांतराचा ठपका आला, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी मुली परत नेल्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या. 1900 च्या दुष्काळानंतर तर त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांच्या रोजच्या भाकरीची काळजी एकट्या जिवावर घेतली असती, तर कोणीही खचले असते. रमाबाई पहाटे प्रार्थना करत आणि दिवसभर राबत. विहिरी खोदल्या, शेती केली, छापखाना चालवला, शिवाय हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर हाती घेतले. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी ते काम सुटले नाही.

इथे मराठी वाचक हटकून विचारील, मग हा निष्काम कर्मयोगच झाला की! जवळचा आहे, आणि शरणागती गीतेतही आहेच. पण जोर वेगळ्या ठिकाणी आहे. कर्मयोगी फळाची आस सोडायला शिकतो. ख्रिस्ती माणूस ती आस उघडपणे पित्यापुढे मांडतो, अगदी भंडावून सोडतो. धान्य हवे, पाणी हवे, हे रमाबाई देवाकडे मागतच होत्या. प्रेषित पौलानेही फिलिप्पैकरांना कैदेतून लिहिताना गरजा मनात दाबायला सांगितले नाही. आभार मानत त्या देवाला कळवायला सांगितले, आणि शांतीचा उल्लेख त्यानंतर केला. मागून झाले की आपले हात कामाला मोकळे होतात.

दुसरा आक्षेप मानसशास्त्राचा. संथ श्वास आणि ठरावीक वेळी डोळे मिटून बसणे कोणत्याही श्रद्धेविना मन निववते, मग देव कशाला? शरीराला प्रार्थनेने असा विसावा मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण संकट श्वास मोजल्याने टळत नाही, आणि डोळे उघडल्यावर त्याच्याशी एकट्यानेच झुंजायचे असेल तर तो विसावा फार टिकत नाही. श्रद्धेचा दावा एवढाच, की आपण एकटे नाही. हा दावा खरा की खोटा, हे मन निवले यावरून ठरत नाही, हेही मान्य करायला हवे.

सर्वांत अवघड आक्षेप आजाराचा आहे. रोज प्रार्थना करणाऱ्या कितीतरी जणांना रात्र रात्र झोप लागत नाही, छाती धडधडते. त्यांना ‘विश्वास कमी पडला’ असे सुनावणारे उपदेशक आपल्या मंडळ्यांत आहेत, आणि ते चुकतात, असे माझे स्पष्ट मत आहे. खुद्द येशू गेथशेमाने बागेत व्याकूळ झाला होता. त्याच्या विश्वासावर कोण बोट ठेवील? मरण मागत झुडपाखाली पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा जेवू घातले. देवाशी संभाषण झाले ते कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर. तेव्हा डॉक्टरांची गोळी आणि समुपदेशकाची भेट यांना अविश्वासाच्या खाती मांडायला शास्त्रात आधार नाही.

उरतो प्रश्न वेळेचा: धावपळीत प्रार्थनेला जागा कुठून काढायची? पुढच्या लेखांकात शब्बाथाचा विचार करू.