राणी येते विमानाने

मंडळी, जुलैतला आल्बर्टाचा पिवळाधमक कनोला पाहिलाय ना? कॅनडातला बराचसा मध या प्रेअरीतलाच. पण तिथल्या पेट्यांतल्या पुष्कळ राणीमाश्या मूळच्या कॅलिफोर्नियाच्या नाहीतर हवाईच्या! वसंतात इवल्याशा पिंजऱ्यांत, सोबत चार-सहा कामकरी माश्या घेऊन, त्या विमानाने येतात.

इथे राणी वाढवता येत नाही असं नाही. एका दिवसाच्या आतली अळी बारीक सुईने उचलून मेणाच्या वाटीत ठेवायची (चष्मेवाल्यांचं काम नव्हे). अंड्यापासून 16व्या दिवशी राणी बाहेर पडते.

खरी अडचण पुढे. चांगल्या राणीचं मीलन उडतानाच, दहा-वीस नरांशी व्हावं लागतं. नराला जन्मायलाच 24 दिवस लागतात, वयात यायला आणखी दोनेक आठवडे, वर ऊबदार दुपार हवी. आपल्याकडे हे जमेपर्यंत मे सरतो. मधपाळाला मात्र हिवाळ्यात गेलेल्या वसाहती भरून काढायला राणी लवकर हवी असते. 2022मध्ये तर देशातल्या शंभरातल्या सुमारे 45 वसाहती थंडीत गेल्या होत्या.

म्हणून काहीजण उन्हाळ्यात वाढवलेल्या राण्या छोट्या वसाहतींत ठेवून हिवाळा पार करतात. सस्कॅचेवानच्या ‘सास्कट्राझ’ प्रकल्पाने थंडी आणि वरोआ गोचीड सोसणारी कुळं निवडली. गंमत म्हणजे त्या कुळाच्या राण्याही कॅलिफोर्नियात वाढवल्या जातात.