लोण्याच्या बंदरातून वाऱ्याची वीज

सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालणाऱ्या आपल्या घराचा बंदराशी काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. पण डेन्मार्क देशातले एस्बियर्ग बंदर शेतकऱ्याच्या मालावरच वाढले. आज तेच बंदर समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी नावाजले आहे.

१८६४ साली डेन्मार्क लढाई हरला आणि दक्षिणेकडचा मोठा मुलूख हातचा गेला. पश्चिम किनाऱ्याला सोयीचे बंदर उरले नाही. म्हणून १८६८ मध्ये तिथल्या संसदेने, जेथे जेमतेम चार घरे होती अशा उजाड किनाऱ्यावर बंदर बांधण्याचा कायदा केला. पुढे अमेरिका आणि रशियाचे स्वस्त धान्य बाजारात आले, भाव कोसळले. तिथल्या शेतकऱ्याने काय केले? धान्य जनावरांना चारले आणि लोणी, अंडी, डुकराचे खारवलेले मांस इंग्लंडला धाडू लागला. १८८२ साली एस्बियर्गच्या उत्तरेला येडिंग गावी त्या देशातली पहिली सहकारी डेअरी निघाली. अशा डेअऱ्यांत दहा गायींचा धनी असो की दोन गायींचा, मत एकेकच. आपल्याकडचे दूधसंघ ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता शाळेकडे वळू, कारण खरी गोम तिथेच आहे. एस्बियर्गपासून फार दूर नसलेल्या आस्कोव्ह गावी शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी एक लोकविद्यालय होते. परीक्षा नाही, पदवी नाही. शिकायची हौस तेवढी हवी. तिथले शिक्षक पौल ला कूर यांनी १८९१ साली शाळेच्या आवारात पवनचक्की उभारून वीज काढली. वारा पडला की वीज बंद. मग ती साठवायची कशी? त्यांनी विजेने पाण्याचे विघटन केले, त्यातला हायड्रोजन वायू टाकीत भरला आणि १८९५ पासून काही वर्षे शाळेतले दिवे त्यावर जाळले. आज 'हरित हायड्रोजन' म्हणून ज्याचा एवढा गाजावाजा चालतो, ते हेच बरे का!

ला कूर यांनी आणखी एक गोष्ट ताडली. पाणी उपसणाऱ्या चक्कीला पुष्कळ पाती चालतात, पण विजेसाठी थोडी पाती आणि भरपूर वेग हवा. १९०४ पासून ते खेड्यांतल्या तरुणांना वीजकामाचे वर्ग देऊ लागले. त्या वर्गातल्या योहानेस यूल या विद्यार्थ्याने १९५७ साली गेसर येथे तीन पात्यांची २०० किलोवॅटची चक्की उभी केली. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर तीन पात्यांच्या चक्क्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांचे घराणे असे मागे जाते.

मधल्या काळात एस्बियर्गने मासेमारी केली, १९७२ पासून समुद्रातल्या तेलाची चाकरी केली. मासे घटले, तेलही पुरते पुरणारे नव्हते. बंदर ओस पडायला तेवढे पुरे होते. पण तेलाच्या कामावर तयार झालेला वेल्डर, फिटर, पाणबुड्या पवनचक्कीलाही हवाच असतो. २००२ साली किनाऱ्यासमोर हॉर्न्स रेव्ह येथे ८० चक्क्या, मिळून १६० मेगावॅट, उभ्या राहिल्या. सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. खाऱ्या हवेत ट्रान्सफॉर्मर आणि जनित्रे टिकेनात. २००४ मध्ये ८०च्या ८० चक्क्यांची यंत्रे खाली उतरवून दुरुस्त करावी लागली. दुसऱ्या कोणी नाद सोडला असता. इथे तिसरा टप्पा २०१९ साली पुरा झाला, तो ४०७ मेगावॅटचा, आणि तोही अवघ्या ४९ चक्क्यांत. त्यांचे एकेक पाते ८० मीटर लांब. असली धुडे ठेवायला मोकळी जागा आणि पक्की जमीन लागते, ती बंदराने धक्क्यामागे तयार केली. ऑलबॉर्ग विद्यापीठाची शाखाही एस्बियर्गमध्ये आहे, तिथे मुले-मुली अभियांत्रिकी शिकतात. आपली एखादी पोर मोटारीचा पंप खोलून बसत असेल, तर तिला चुलीकडे पिटाळू नका.

एस्बियर्गचे कोळशावरचे वीजघर २०२४ साली बंद झाले. त्या वीजघराच्या उष्णतेवर शहरातली घरे ऊबदार राहत. आता ते काम मोठ्या प्रमाणावर उष्णतेचे पंप करतात, वीज घेऊन समुद्राच्या पाण्यातली उष्णता खेचून. गार पाण्यात कसली आली उष्णता, असे वाटेल. घरात फ्रिज असेल तर त्याच्या मागच्या बाजूला हात लावून पाहा. आतल्या गार दुधातली ऊब तिथे बाहेर येते. तीच युक्ती मोठ्या मापात. हिवाळ्यात तिथल्या समुद्रात हात घालवत नाही, आणि त्याच पाण्यातली उष्णता नळांतून घरोघरी जाते.