पेटी घ्यावी, की लागतील तेवढ्याच पट्ट्या?



कोकणातल्या कोणत्याही घरात गेलात, तर भिंतीवर ओळीने तसबिरी दिसतात. आरवलीचा वेतोबा, शिरोड्याची माउली, गेलेल्या आजोबांचा फोटो, लेकीच्या लग्नाचा फोटो. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. अशा छापखान्यांमुळे देवादिकांची रंगीत चित्रे गरिबाच्या घरापर्यंत पोचली. चित्र आले तशी काच आली, चौकट आली आणि तसबीर मढवून देणारा कारागीरही आला.

वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्यासारख्या बाजाराच्या गावी हा धंदा शेतीला चांगला जोड देऊ शकतो. जागा थोडी लागते, हत्यारे मोजकी लागतात आणि घरातली दोन माणसे फावल्या वेळात काम करू शकतात. पण यात एक खड्डा आहे आणि नवा माणूस नेमका त्यातच पाय घालतो. तो म्हणजे घाऊक व्यापाऱ्याची अट. ‘एका नमुन्याची निदान एक पेटी उचला, सुटी पट्टी मिळणार नाही.’

व्यापारी अशी अट का घालतो?

याचा राग धरून उपयोग नाही. पेटी बांधणे, बिल करणे, माल ट्रकवर चढवणे या कामांना चार पट्ट्यांसाठी जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच चाळीस पट्ट्यांसाठी लागतो. सुटी पट्टी वाटेत मोडते, तिच्यावर ओरखडे पडतात. म्हणून त्याच्या दृष्टीने पेटीच सोयीची. प्रश्न एवढाच, की त्याची सोय आपल्या घराला परवडते का?

कागदावरची बचत

एक हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. आपल्या बाजारातले भाव घालून तुम्ही तो पुन्हा करावा.

समजा, पेटीत ४० पट्ट्या आहेत आणि पट्टी १२० रुपयांना पडते. पेटीचे झाले ४,८०० रुपये. तीच पट्टी जवळच्या शहरातल्या दुकानात सुटी घेतली, तर १४५ रुपये. म्हणजे पट्टीमागे २५ रुपयांची आणि पेटीमागे १,००० रुपयांची बचत दिसते. कोणालाही मोह होईल.

आता वर्षाअखेर पाहू. त्या नमुन्याच्या १२ पट्ट्या खपल्या. खरी बचत झाली ३०० रुपये. उरलेल्या २८ पट्ट्यांत ३,३६० रुपये अडकून पडले. त्यांतल्या तीन पावसाळ्यात वाकल्या, तर ३६० रुपये गेले. वर्षाची सगळी बचत तीन पट्ट्यांनी खाल्ली. कर्ज काढून माल उचलला असेल, तर व्याज वेगळेच.

आणि गिऱ्हाइकाला एकच नमुना दाखवून भागत नाही. सहा नमुन्यांच्या सहा पेट्या घेतल्या, तर २८,८०० रुपये लागतात. शेतकऱ्याच्या घरात हा पैसा येतो कुठून? बहुधा काजूच्या बियांतून. काजूचा पैसा उन्हाळ्यात हाती येतो आणि मृगाच्या तोंडाला भाताचे बी, खत, मजुरी, मुलांची वह्या-पुस्तके अशी सगळी तोंडे उघडतात. तो पैसा पेट्यांत बसला, तर खतासाठी उसनवारी करावी लागते. दुकान भरलेले आणि घर रिकामे, असा प्रकार होतो.

आपली हवा विसरू नका

शिरोडा हे मिठागरांचे गाव. समुद्राची खारी हवा, त्यावर चार महिन्यांचा पाऊस. खिळे, कड्या, तारा गंजतात. लाकडी पट्टी ओल शोषून फुगते, वाकते. हार्डबोर्डाला बुरशी धरते. कोरड्या मुलखातल्या दुकानदाराकडे पेटी दोन वर्षे सुखाने राहील. आपल्याकडे तिला दोन पावसाळे काढावे लागतात. म्हणून मोठा माल घ्यायचाच असेल, तर पाऊस सरल्यावर, दसऱ्यानंतर घ्यावा. चतुर्थीसाठी लागेल तेवढाच माल पावसात आणावा.

पट्ट्या भिंतीला तिरप्या टेकवून ठेवू नयेत, त्या वाकतात. जमिनीपासून हातभर उंच फळीवर आडव्या ठेवाव्यात. पट्टीखाली पिठासारखी बारीक पूड दिसली, तर लाकूड पोखरणारा भुंगा लागला असे समजावे आणि ती पट्टी लगेच बाजूला काढावी.

मागणी देण्याआधी विचारायचे प्रश्न

पुष्कळ जण ‘पेटी’ हा शब्द ऐकून गप्प बसतात. तसे करू नये. अट एका नमुन्याला आहे, की एकूण बिलाला? एकूण बिलाला असेल, तर चार नमुने मिळून ती पुरी करता येते. एका पेटीत दोन नमुने बांधून मिळतील का? वाकलेली पट्टी परत घेणार का? हाच नमुना सहा महिन्यांनी मिळेल का? उत्तरे बिलावर किंवा चिठ्ठीवर लिहून घ्यावीत.

दुसरा उपाय कोपऱ्यांचा. प्रत्येक नमुन्याचा वीतभर कोपरा जोडून दुकानात टांगावा. गिऱ्हाइकाने वीस नमुने पाहावेत, पण माल दोन-तीन चालत्या नमुन्यांचाच ठेवावा. बाकीचे निम्मी रक्कम आगाऊ घेऊन मागवावेत. सुटी पट्टी महाग पडते, तेवढा दर त्या कामात धरावा.

तिसरा उपाय कापणीचा. १२ बाय १८ इंचांच्या चित्राला इंचभर रुंदीची पट्टी लावायची, तर चारी बाजू मिळून ६० इंच, तिरप्या कापासाठी ८ इंच आणि करवतीसाठी २ इंच, असे ७० इंच लागतात. दहा फुटी पट्टीतून ५० इंच उरतात. त्यात ८ बाय १० इंचांची तसबीर बसते, तिला ४६ इंच लागतात. दोन्ही कामे एकत्र कापली, तर वाया जातात फक्त ४ इंच. म्हणून आलेले काम लगेच कापू नये. आठवड्याची कामे वहीत मांडावीत आणि मग करवत हाती घ्यावी.

चौघांची एक पेटी

शिरोडा, रेडी, वेंगुर्ले आणि सावंतवाडी येथील चार दुकानदारांनी एक पेटी घेतली, तर प्रत्येकाला दहाच पट्ट्या पडतात. एकाच आळीतले दोघे असे सहसा करणार नाहीत, कारण गिऱ्हाईक एकच. लांबच्या गावांत ती चुरस नसते.

मात्र व्यवहार लेखी हवा. पैसे आधी जमा करावेत. पेटी सर्वांसमोर फोडावी, पट्ट्या मोजाव्यात. मोडतोड तिथल्या तिथे सारखी वाटून घ्यावी. ज्याच्या नावावर बिल, त्याने इतरांना रीतसर बिल द्यावे. काचेची वाटणी मात्र जपून करावी, कारण दोनदा हाताळलेली काच दोनदा फुटायची भीती. आपल्याकडे १९१२ च्या कायद्याने कर्जाखेरीज इतर कामांच्या सहकारी संस्थांनाही वाट करून दिली. आज महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याप्रमाणे संस्था नोंदवायला निरनिराळ्या कुटुंबांतले निदान दहा जण लागतात. चौघांना संस्थेची गरज नाही, चोख वही पुरे.

घरचे लाकूड

काही पट्ट्या गावच्या सुताराकडूनही करून घेता येतात. तिथे पेटीची अट नाही, दहा हव्यात तर दहाच. फणसाचे लाकूड पिवळसर, देखणे, पॉलिशला छान. पण ते सावलीत नीट वाळलेले हवे. इंचभर जाडीच्या फळीला वाळायला साधारण वर्ष लागते, असा ठोकताळा आहे. ओल्या लाकडाची चौकट कोपऱ्यात उघडी पडते आणि दुकानाचे नाव जाते. फणस हे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतले झाड आहे. तेव्हा स्वतःच्या परसातले असले तरी परवानगीशिवाय तोडू नये.

हा विचार चौकटीपुरताच नाही. कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, लेबले, पिशव्या, सगळीकडे हीच अट भेटते. भाव विचारण्याआधी आपला खप विचारावा. मागच्या बारा महिन्यांत किती लागले, ते वहीत पाहावे. वही नसेल, तर आजपासून घालावी. चार महिन्यांत खपेल एवढाच माल घ्यावा. जास्त घ्यावा लागत असेल, तर वाटेकरी आधी शोधावा आणि मग पेटी सांगावी. मृगासाठी ठेवलेल्या पैशाला मात्र कोणत्याही सवलतीसाठी हात लावू नये.