विरघळणारा स्क्रू आणि एक्स-रेमधील काळे भोक



आमचे खाते उसाचे. पण मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना किंवा बांधावरून घसरून घोटा मोडून घेणारा माणूस आपल्याच कार्यक्षेत्रातला असतो. म्हणून ही माहिती आपल्या कानावर असावी.

मोडलेले हाड जुळवण्यासाठी पोलादी पट्टी व स्क्रू बसवतात. केळीचा घड उतरला की टेकू काढावा, तसे हे लोखंड पुष्कळदा दुसऱ्या ऑपरेशनने काढावे लागते. ते टाळण्यासाठी शरीरातच विरघळणारे स्क्रू व पिना निघाल्या. फिनलंडमध्ये हेलसिंकी येथे डॉ. पेंटी रोक्कानेन यांच्या पथकाने १९८४ साली मोडलेल्या घोट्यांसाठी त्या वापरल्या. यातला पॉलिलॅक्टिक आम्लाचा प्रकार तर आपल्या नात्यातला. लॅक्टिक आम्ल साखर आंबवूनच तयार करतात. शरीरात त्याचे शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड होतो. काही प्रकारांना त्यासाठी वर्षे लागतात.

आता मुद्द्याचे. हे स्क्रू साध्या एक्स-रेत दिसतच नाहीत. दिसते ते ड्रिलने पाडलेले काळे भोक. मग घरची मंडळी म्हणतात, "स्क्रू घातलाच नाही, पैसे मात्र घेतले!" पण न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. डॉक्टर बघतात ते हाड सांधले का आणि जागचे हलले का. सी. टी. व एम. आर. आय. मध्ये तर पोलादामुळे चित्र बिघडते, तो त्रास यात नाही.

मॅग्नेशियमचे स्क्रू फिकट दिसतात. ते झिजताना हायड्रोजन वायू सुटतो व पहिले काही महिने भोवती काळी कडा दिसते. नेमके काय बसवले हे ठाऊक नसेल, तर हाड सडल्याची शंका येऊन विनाकारण पुन्हा चिरफाड व्हायची. उलट ताप, वाढते दुखणे, सूज किंवा पू असेल, तर "विरघळतोय" म्हणत घरी बसू नये. ताबडतोब डॉक्टर गाठावा.

तेव्हा डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी मागून लिहून घ्या: काय बसवले, कशाचे बसवले, कोणत्या तारखेला. जुने सर्व फोटो सांभाळा आणि पुढच्या तपासणीला कार्डासह दाखवा. लागणीची तारीख नोंदलेली नसेल तर तोडणीचा क्रम लावता येत नाही. तसा ऑपरेशनच्या तारखेवाचून एक्स-रेचा अर्थ लागत नाही. नोंदीची पावती जपता, तसे हे कार्ड जपा.

— ऊस विकास अधिकारी