तुमचा कॉल कोणाच्या कानी?

क्रांती चौकात दोन वाहनांची टक्कर झाली आहे आणि तुम्ही ११२ क्रमांक लावला आहे, अशी कल्पना करा. तुमचा आवाज छत्रपती संभाजीनगरातच थांबत नाही. महाराष्ट्रातील असे कॉल घेणारी केंद्रे नवी मुंबई व नागपूर येथे आहेत. तेथे टिपलेली माहिती जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाकडे येते आणि मग गाडी निघते. पण अशा केंद्रात अनेक कर्मचारी बसलेले असतात. त्यांपैकी नेमक्या कोणी तुमचा कॉल घ्यायचा, हे कसे ठरते?

पूर्वी कॉल जोडण्याचे काम ऑपरेटर हाताने करीत. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचे गृहस्थ अंत्यविधीच्या व्यवस्थेचा व्यवसाय करीत. आपल्याकडे येणारे कॉल ऑपरेटर दुसऱ्याच व्यावसायिकाकडे वळवतात, असा त्यांना संशय आला, असे सांगतात. १८९१ साली त्यांनी ऑपरेटरवाचून चालणाऱ्या स्विचचे पेटंट मिळवले!

आज ही वाटणी संगणक करतो. प्रत्येक कर्मचारी ‘मोकळा’, ‘बोलत आहे’ की ‘जागेवर नाही’, याची नोंद त्याच्याजवळ असते. सर्वसाधारणपणे जो सर्वांत जास्त वेळ मोकळा, त्याला पुढचा कॉल मिळतो. तो देण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत घंटी वाजते व कर्मचारी बटण दाबून कॉल घेतो. दुसरी रीत सक्तीची. कानात एक बारीक ‘बीप’ होते आणि कॉल आपोआप जोडला जातो. नाकारण्याची सोय नाही.

सक्ती कशासाठी? बटण दाबण्यात ५ सेकंद जातात असे धरा. तासाला ६० कॉल आले, तर ३०० सेकंद, म्हणजे ५ मिनिटे वाया गेली. शिवाय नको तो कॉल टाळण्याची पळवाटही राहत नाही.

पण येथेच एक धोका आहे. कर्मचारी पाणी प्यायला उठला आणि ‘मोकळा’ ही खूण बदलायला विसरला, तर कॉल रिकाम्या खुर्चीला जोडला जाईल. घंटीच्या रीतीत काही सेकंद वाट पाहून तो दुसऱ्याकडे पाठवता येतो. सक्तीच्या रीतीत मात्र संगणकाला वाटते, कॉल घेतला गेला! म्हणून सक्ती लावताना खुणा अचूक ठेवाव्या लागतात आणि प्रत्येक कॉलनंतर नोंद लिहिण्यापुरती उसंत द्यावी लागते. लेखी संदेशांचे गणित निराळे. एक माणूस दोन-तीन संदेश आळीपाळीने हाताळू शकतो, कॉल मात्र एकच. म्हणून दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या ठरवतात.

सक्तीने माणसांची उणीव मात्र भरून निघत नाही. तासाला ६० कॉल आणि प्रत्येकी ३ मिनिटे, म्हणजे १८० मिनिटांचे काम. मग ३ माणसे पुरतील का? नाही! कॉल ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी चार एकदम येतात, कधी एकही येत नाही. या प्रश्नाचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील ए. के. एरलांग यांनी १९१७ साली मांडले. त्यांच्या सूत्राने पाहिले, तर ३ माणसांपुढील रांग वाढतच जाते. ४ माणसे असल्यास सुमारे ५१ टक्के लोकांना थांबावे लागते, ५ असल्यास २४ टक्के आणि ६ असल्यास १० टक्के. म्हणजे संकटातल्या माणसाला लगेच उत्तर हवे असेल, तर काही कर्मचारी काही वेळ रिकामे बसलेले दिसणारच. तो आळस नव्हे, ती तयारी होय.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. चार विद्यार्थी ‘कर्मचारी’ होतील. दर मिनिटाला दोन नाणी उडवा. जितके छाप पडतील, तितके कॉल आले असे समजा. प्रत्येक कॉल ३ मिनिटांचा धरा आणि ३० मिनिटे रांगेची नोंद ठेवा. मग एक कर्मचारी कमी करून पुन्हा पाहा. रांगेत उभा असलेला माणूस अपघातस्थळी असता तर, हा विचार मात्र नोंद करताना विसरू नका.