वेबसाइट तुमची, पण डोमेन कोणाच्या नावावर?



दुकानाचा गाळा भाड्याने घेताना आपण काय काय विचारतो? करार कोणाच्या नावावर, लाइटचं मीटर कोणाचं, अकरा महिन्यांनी भाडं किती वाढणार. वेबसाइट करून घेताना मात्र आपण फक्त एकच विचारतो, "किती घेशील?" मीही तेच विचारलं होतं. बीबीए झालेला माणूस, तरीसुद्धा.

माझं भांड्यांचं दुकान. २०१७ साली ओळखीतल्या एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली, बारा हजार दिले. साइट छान झाली. पत्ता दुकानाच्या बोर्डवर रंगवला, बिलबुकावर टाकला, कापडी पिशव्यांवर छापला. दोन वर्षांनी ऐन दिवाळीच्या तोंडावर एक गिऱ्हाईक म्हणालं, "दादा, तुमची साइट उघडत नाहीये." त्या मुलाला फोन लावला, तर नंबर बंद. नोकरी लागून तो बंगळूरला गेला होता. डोमेन त्याने स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं, त्यामुळे रिन्यूच्या सूचना त्यालाच जात होत्या. त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

काही महिन्यांनी ते नाव दुसऱ्याच कोणीतरी घेतलं आणि माझ्या पिशवीवरच्या पत्त्यावर पत्त्यांचा जुगार उघडायला लागला! उरलेल्या सातशे पिशव्यांवर बायको आणि मी रात्री स्टिकर चिकटवत बसलो होतो.

तेव्हा शिकलो ते सांगतो. वेबसाइट म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी. डोमेन म्हणजे पाटीवरचं नाव. होस्टिंग म्हणजे गाळा, तुमच्या फाइल्स ठेवायची भाड्याची जागा. आणि त्या फाइल्स म्हणजे माल. तिन्ही एकाच माणसाकडून घेतलं तरी चालेल, पण डोमेनचं खातं तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइल नंबरवरच हवं. गाळा बदलता येतो, माल परत भरता येतो. नाव गेलं की गेलं.

तेही एका दिवसात जात नाही बरं का. डॉट कॉम नावाची मुदत संपली की बहुतेक विक्रेते काही दिवस नेहमीच्या दरात रिन्यू करू देतात. पुढे ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ असतो, त्यात जादा पैसे भरून नाव सोडवावं लागतं. मग ५ दिवस, आणि त्यानंतर नाव कोणालाही खुलं. मुदत कधी संपते ते 'आयकॅन'च्या लुकअप पानावर फुकट दिसतं. मालकाचं नाव तिथे बऱ्याचदा झाकलेलं असतं, पण तारीख आणि विक्रेता दोन्ही कळतं.

आता डिझाइन. कोणतीही साइट कॉम्प्युटरवर उघडा आणि कंट्रोल व यू एकत्र दाबा. समोर येईल तो एचटीएमएल. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ च्या सुमारास जगासमोर आणलेली हीच खुणांची भाषा: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही लिंक. रंग आणि मांडणी सीएसएस बघतं. नोटपॅडमध्ये चार ओळी लिहा, फाइलच्या नावाशेवटी डॉट एचटीएमएल लावा, ब्राउझरमध्ये उघडा. मराठी अक्षरांऐवजी भलतंच काही दिसलं तर फाइल युटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि पानात वर तसं लिहा. मी यावर अख्खा रविवार घालवलाय!

सगळं कोडिंग शिका असं नाही. पण एवढं कळलं की "फोन नंबर बदलायचे हजार रुपये" असं कोणी म्हटलं तर तुम्ही हसाल.

आणि फोटो! मोबाइलचा ४-५ एमबीचा फोटो तसाच टाकू नका. दोनशे केबीपर्यंत आणा. गिऱ्हाईक एसटीत बसून, जेमतेम रेंजवर तुमची कढई बघत असतं. सरकते बॅनर वगैरे नंतर. आधी दर, पत्ता, वेळ आणि दाबल्यावर लागणारा फोन नंबर.

पुढच्या व्हिडिओत माझ्याच स्क्रीनवर डोमेन घेऊन दाखवतो. तोवर, वेबसाइट आधीच असेल तर करणाऱ्याला आजच फोन लावा आणि विचारा, "भाऊ, डोमेन कोणत्या ईमेलवर आहे?"