चिठ्ठी संपली, गोळी चालूच?

पहाटे साडेपाचला अमरावतीत किंवा अकोल्यात कुठल्याही मैदानावर जाऊन बघा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची पोटरी. मग कुणाच्या तरी बॅगेतून एक स्ट्रिप निघते. ‘काई होत नाई बे, घे न एक!’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कदाचित म्हटलंही असेल.

पुढच्या वेळी ती स्ट्रिप उलटी करा आणि औषधाचं नाव वाचा. दुखण्यावरच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. पॅरासिटामॉल वेगळी, डायक्लोफिनॅक वेगळी आणि ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल तर अगदीच वेगळ्या. या शेवटच्या दोन ओपिऑइड, म्हणजे मेंदूवर अफूसारखं काम करणाऱ्या. ऑपरेशननंतर, मोठ्या अपघातात, कॅन्सरच्या वेदनेत त्या फार मोलाच्या. औषध वाईट नाही. घोळ होतो तो डॉक्टरांची चिठ्ठी संपल्यावरही गोळी चालू राहिली की.

रोज घेतली की शरीराला सवय लागते. आधी एकीत भागायचं, आता दोन लागतात. एखाद्या दिवशी मिळाली नाही तर अंग मोडून येतं, जांभया येतात, नाक गळतं, जुलाब होतात, झोप उडते. आपल्याला वाटतं, जुनं दुखणं परत आलं. पण आता गुडघा नाही, गोळी बोलत असते! बरेच जण इथेच फसतात. ते मजेसाठी घेत नसतात. नुसतं ‘नॉर्मल’ वाटावं म्हणून घेत असतात. त्यामुळे ‘मी काय व्यसनी आहे का?’ हा प्रश्न त्यांना पडतच नाही.

परिणाम? ट्रॅमाडॉलचा डोस वाढला की फिट येऊ शकते. या गोळ्या दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत घेतल्या तर श्वास मंदावतो आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो. डायक्लोफिनॅकची अशी तलफ लागत नाही, पण आपल्याकडचा मे महिना आठवा. पारा ४५ वर, अंगातून घामाच्या धारा, पोटात पाणी कमी आणि वरून ही गोळी. सगळा मार किडनीवर. शिवाय दुखणं कळत नाही म्हणून आपण दुखऱ्या पायावरच धावत राहतो आणि लहान इजा मोठी होते.

कायद्याचंही ऐका. २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. ते विकताना मेडिकलवाल्याला डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. खाकी वर्दीसाठी धावताना खिशात बिनचिठ्ठीची स्ट्रिप असेल, तर वर्दीआधी केस मागे लागायची! टॅपेंटाडॉलचा धंदा तर समुद्रापार गेला होता. मुंबईतल्या एका कंपनीच्या टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत रस्त्यावर नशेसाठी विकल्या जात असल्याचं बीबीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड केलं. त्यानंतर केंद्राने या मिश्रणाची निर्यात थांबवली.

सवय लागलीच असेल तर? एका झटक्यात बंद करून शूरपणा दाखवू नका. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, गरज पडली तर त्रास कमी करणारं औषधही देतात. सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि १४४१६ वर टेली-मानस चोवीस तास उपलब्ध आहे. स्वतःहून उपचाराला येणाऱ्याला कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये काही अटींवर संरक्षणही आहे. मित्र अडकला असेल तर त्याला लेक्चर देऊ नका, त्याच्यासोबत दवाखान्यात जा.

आणि यापुढे डॉक्टरांनी दुखण्याची गोळी लिहून दिली की दोन प्रश्न नक्की विचारा: ‘किती दिवस घ्यायची?’ आणि ‘बंद कशी करायची?’ उत्तर चिठ्ठीवरच लिहून घ्या. ती तारीख आली की गोळी बंद. त्यानंतरही पाय दुखतच असेल, तर स्ट्रिप नाही, पाय दाखवायचा आहे.